आधी न होणारे आठवडे खोडा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रंकाळ्यावर फिरायला येणारे, माझ्याकडे रिटर्न भरायला येणारे, परवा तर जाऊबाईंची मैत्रीणसुद्धा. सगळ्यांचा प्रश्न एकच. "लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायची, तर वर्ष बसवता कसं?"

आकडे आधी देऊन टाकते. हाफ म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल आणि 21.1 पळणं, सगळं साडेआठ तासांत. फुल म्हणजे अंतर दुप्पट आणि वेळ 17 तास. पोहता येत असेल तर हाफला सहा महिने धरा. फुलचा विचार दोन हाफ झाल्यावर करा, असं माझं मत. घाई करणारे भेटतात, त्यांचे गुडघेही नंतर भेटतात.

आता वर्ष. गोव्याची हाफ साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. तिथून सहा महिने मागे मोजलं की तयारी सुरू होते एप्रिल-मेमध्ये, आणि मधला सगळा पावसाळा. पहिल्या वर्षी मी इंटरनेटवरचा एक प्लॅन जसाच्या तसा उतरवून घेतला होता. त्यात जुलैच्या रविवारी चार-चार तास सायकल. लिहिणाऱ्यानं आमच्या कोल्हापूरचा, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा कुठे पाहिलाय! जुलैत आम्ही उठल्यावर घड्याळाच्या आधी बंधाऱ्याची पाणीपातळी बघतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की पन्हाळ्याची चढण गेली. 2019 आणि 2021 ला तर शिरोलीजवळ हायवेच बंद होता. त्यात माझी जुलैअखेरची रिटर्नची गर्दी.

त्या वर्षी माझे तीन आठवडे बुडाले आणि मी ते भरून काढायला गेले. ऑगस्टच्या एकाच आठवड्यात दोन लांबच्या रन. नडगी अशी धरली की गौरी-गणपतीत आरतीला उभं राहताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. सासूबाई म्हणाल्या, "देवाला नमस्कार बसून केला तरी पोचतो." रेस त्या वर्षी हुकलीच.

तेव्हापासून कॅलेंडर भिंतीवरून काढते आणि आधी न होणारे आठवडे लाल पेन्सिलीनं खोडते. जुलैचा उत्तरार्ध, गौरी-गणपती, लेकीच्या परीक्षा, घरातली लग्नं. उरतं तेवढंच आपलं. सव्वीसातले सतरा-अठरा उरले तरी चालतं. बुडालेला आठवडा बुडाला; पुढच्या आठवड्याचं जे ठरलंय तेवढंच करायचं.

हिवाळ्यात तरी मोकळं रान असेल असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडे हंगाम म्हटलं की उसाचाच. दिवाळीच्या आसपास कारखाने पेटले की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. एकदा एक ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, "वैनी, दमलाय काय? सायकल टाका की उसावर!" सल्ला वाईट नव्हता. म्हणून मार्चपर्यंत सायकल उजाडल्यावरच काढते. पहाट पळायला आणि पोहायला.

उरलेल्या आठवड्यांत तीन चढत्या व्यायामाचे, चौथा हलका. पावसात सायकल गॅलरीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, समोर तारेवर न वाळणारे कपडे. कंटाळवाणं आहे, पण दीड तास अखंड पॅडल मारल्यावर कळतं की रस्त्यावर उतारात आपण किती आराम खातो. उघडीप मिळाली की वाघबीळवरून पन्हाळा. खाली आल्यावर लगेच बूट बदलून वीस मिनिटं पळायचं. पाय लाकडाचे होतात, ते तिथेच होऊ देत.

आणखी एक, जे इथं राहून लक्षात येत नाही. कोल्हापूरची हवा आपले लाड करते. समुद्रकाठी घामच वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि इथला वेग तिथे पेलत नाही. शिवाय आम्ही पोहतो त्या राजाराम तलावात लाट नसते, आणि रेसचं पोहणं समुद्रात. म्हणून रेसच्या महिनाभर आधी घाट उतरून मालवणला दोन दिवस जाते. पोहून झाल्यावर भर उन्हात पळते आणि सायकलवर जे खायचं तेच खाऊन बघते: दर अर्ध्या तासाला केळं किंवा चिक्की, पाण्यात मीठ-साखर. आदल्या रात्री तांबडा रस्सा मात्र नाही. ती चूक मी एकदाच केली, तपशील विचारू नका.

शेवटचे दोन आठवडे व्यायाम कमी. यात सगळ्यात जास्त चिडचिड होते, घरच्यांना विचारा.

मुख्य रेस वर्षात एकच. तिच्या पाच-सहा आठवडे आधी एखादी छोटी, कपड्यांपासून खाण्यापर्यंत सगळं तपासायला.

यंदाचं कॅलेंडर काल खोडून झालं. अठरा आठवडे उरलेत. पुतण्याच्या लग्नाची तारीख अजून ठरायची आहे, म्हणून लाल पेन्सिल सासूबाईंच्याच डब्यात ठेवली आहे.