अख्खा रविवार नकाशात

ट्रिप ठरवायला म्हणून सकाळी लॅपटॉप उघडला आणि उठले ते थेट अंधार पडल्यावर 😅 अट एकच होती, पाय दुखले पाहिजेत आणि शेवटी काहीतरी जुनं बघायला मिळालं पाहिजे, नुसतं बसमधून उतरून फोटो काढून परत बसमध्ये असलं नको.

पहिलं नाव अर्थातच माचू पिचू, पेरूमधलं इंका लोकांचं जुनं शहर. मला वाटायचं ते खूप उंचावर असेल, तर ते आहे साधारण २४३० मीटरवर आणि तिथे चालत जायच्या इंका ट्रेलवरची सगळ्यात उंच खिंड मात्र ४२०० मीटरच्या वर, म्हणजे आधी जीव काढून चढायचं आणि मग उतरत उतरत पोचायचं! त्यात परमिट लागतं, आणि फेब्रुवारीत डागडुजीसाठी ट्रेल बंद. माझी सुट्टी कधी? फेब्रुवारीत. वा.

मग पेट्रा, जॉर्डनमधलं प्राचीन शहर. सव्वा किलोमीटरची अरुंद घळ आणि पुढे एकदम कातळात कोरलेली 'खजिना' नावाची इमारत, हे सगळ्यांना माहीत असतं, पण खरी मजा त्यापुढच्या आठशेएक पायऱ्या चढून 'मॉनेस्ट्री' नावाच्या दुसऱ्या कोरीव इमारतीपर्यंत जाण्यात आहे असं मला तरी वाटतं.

इंग्लंडमधली रोमन काळातली हेड्रियनची भिंतही नकाशात बघितली, इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली, तिच्या कडेने १३५ किलोमीटरची पायवाट. छान आहे पण पाऊस नको बाई.

सध्या पेट्रा पुढे आहे. संध्याकाळी सॅकमध्ये पुस्तकं भरून जिना चढून बघितला, चौथ्या मजल्यावर बसले. कोण येतंय सोबत?