तिसरा टाकताना

आमच्या पद्मिनी गाडीत तिसरा गिअर टाकायची एक रीत होती. दुसऱ्यातून दांडा न्यूट्रलला आणायचा, हात सैल सोडायचा, मनातल्या मनात ‘सिद्धरामेश्वर’ म्हणण्याइतकं थांबायचं, बोटांनी जरा चाचपायचं आणि मग टाकायचा. दादा हे इतक्या सहज करायचे की शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. मला शिकवताना मात्र त्यांची पंचाईत झाली. शेवटी म्हणाले, ‘अगं, तो हो म्हणतो तेव्हा टाक.’ तो म्हणजे गिअर.

ज्यांनी थेट मारुतीतच स्टेअरिंग धरलं, त्यांच्यासाठी सांगते. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगला होता. वायपरच्या दांडीसारखा, पण लांब आणि दणकट. खाली जमिनीवर काही नाही, त्यामुळे पुढच्या अखंड सीटवर तिघं बसायची. मी लहानपणी आईदादांच्या मधे, पायाशी लाडवांचा डबा धरून. पण या सोयीची किंमत असायची. दांडा हलणार इथं आणि गिअर पडणार पार तिकडे, गिअरबॉक्समध्ये. मधे स्टेअरिंगच्या कडेनं गेलेला रॉड, त्याला जोडलेले छोटे हात, त्यांच्या सांध्यांत बसवलेले बुश, म्हणजे सांधा ढिला पडू नये म्हणून घातलेले पोकळ गोल तुकडे. घरातला निरोप चार जणांच्या तोंडून जावा तसं. एक जण जरी सैल निघाला तरी पलीकडे भलतंच पोचतं.

गाडी आमची १९९२ची. दादा तिच्याबद्दल बोलायला लागले की वालचंद हिराचंद यायचेच. ‘१८८२चा जन्म, आपल्या सोलापुरातला माणूस. १९४४ला ही गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी काढली. म्हणजे गाडी गावचीच की नाही?’ कारखाना होता कुर्ल्याला, मूळ आराखडा इटलीतल्या फियाटचा, आणि पद्मिनी हे नाव पडलं १९७४च्या सुमाराला, म्हणजे वालचंदशेठ जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर. हे सगळं दादांना ठाऊक होतं. तरी गाडी गावचीच.

दादा गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि तिसरा हो म्हणेनासा झाला. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. एप्रिलच्या दुपारी सात रस्त्याला, सिग्नल सुटून गाडी जरा वेग घेते न घेते तोच दांडा अडकला. ना दुसरा, ना तिसरा, ना न्यूट्रल. मागून रिक्षावाले ‘ओ मॅडम’ करून ओरडतायत, वर चाळीसच्या पुढचं ऊन. मग बॉनेट उघडून, पदर खोचून, तो तापलेला सांधा फडक्यानं धरून हातानं जागेवर सारला. खट झालं. रिक्षावाला म्हणाला, ‘जमतंय की!’ सोलापुरात याहून मोठं कौतुक नसतं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडी न चालवताच गिअरबॉक्स उतरवायचं ठरवून टाकलं. जुन्या गाडीचं हे नेहमीचंच. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून तर जो तो ‘आता पार्ट मिळत नाहीत’ एवढंच सुनावतो. मी गाडी तशीच परत आणली आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेली. आसपास यंत्रमागांची खटखट. ते आधी मागांचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर होते, गाड्यांकडे नंतर वळले.

त्यांनी काय केलं, तर इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. मग इंजिन चालू करून तेच. ‘ताई, बंद गाडीत गिअर लोण्यावानी पडला आन् चालू गाडीत करकरला, तर क्लच नीट सुटंना म्हणायचं. रिवर्सला तर लगेच कळतंय. एकाच गिअरला खरखर करायला लागला तर गिअर जुळवून घेणारी आतली पितळी रिंग गेली, मग खोलावं लागतंय. तुमचा बंद गाडीतबी तिसऱ्यालाच अडतोय, आन् आवाज कायबी न्हाई. गिअरबॉक्स ठणठणीत हाय. ह्यो बाहेरचा आजार हाय.’

मग त्यांनी मला बॉनेटमध्ये वाकायला लावलं आणि पोऱ्याला दांडा हलवायला सांगितलं. दांडा बोटभर हलला तरी खालचा हात जागचा हलत नव्हता. पहिला-दुसरा एका हाताच्या ताब्यात, तिसरा-चौथा दुसऱ्याच्या. दुसऱ्या गिअरकडून तिसऱ्याकडे जाताना एका हाताला पुरतं सोडून दुसऱ्या हाताला धरायचं असतं. बुश झिजल्यामुळे एक हात सुटायच्या आत दुसरा हात धरला जायचा, आणि दोघंही अडून बसायचे. मला एकदम कळलं, की दादा न्यूट्रलला थांबायचे ते याचसाठी. बुशची झीज ते गेली कित्येक वर्षं हातानं भरून काढत होते. ‘सिद्धरामेश्वर’ म्हणण्याइतका वेळ म्हणजे मिलिमीटरभर खेळ.

नवा बुश कुठून आणणार? मिस्त्री शेजारच्या कारखान्यात गेले आणि मागाचा एक बाद झालेला नायलॉनचा पिकर घेऊन आले. धोट्याला, म्हणजे आडवं सूत घेऊन धावणाऱ्या शटलला, मार देतो तो पिकर. आयुष्यभर धोटा मारून झिजलेला, पण मधे भक्कम. तो लेथवर चढवला, कातला, भोक पाडलं, दोनदा बसवून बघितला, तिसऱ्यांदा बसला. सांध्याला ग्रीस, रॉडचा नट अर्धा फेरा इकडेतिकडे, क्लचच्या पेडलचा मोकळा खेळ बोटांनी मोजून बघितला, झालं. पैसे किती घेतले ते सांगितलं तर पहिला गॅरेजवाला रडेल. पहिल्या गिअरबद्दल मात्र दम दिला: ‘गाडी पुरती थांबल्याबिगर पयला टाकू नका. त्याला रिंगच न्हाई, दातावर दात घासतंय.’ आणि झिजलेला बुश कागदात बांधून दिला. मी तो डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. कशासाठी, विचारू नका.

आता तिसरा पडतो. लगेच, मुकाट्यानं, कुणाच्याही हातानं. परवा भाचा आला होता. त्याला विजापूर रोडला गाडी चालवायला दिली. स्टेअरिंगला गिअर बघून आधी हसला, मग दोन चौकांत शिकला. दुसऱ्यातून तिसरा त्यानं एका दमात टाकला आणि गप्पा मारत पुढं निघाला. शेजारी माझा हात मांडीवरच न्यूट्रलला थांबला होता.