दुसरा शनिवार आणि आप्पांची सही

जून २०२५ मध्ये दुसरा रविवार दुसऱ्या शनिवारच्या आधी आला. कॅलेंडर काढून बघा. १ तारीखच रविवारची, म्हणून दुसरा रविवार ८ ला आणि दुसरा शनिवार १४ ला. एरवी यानं कुणाचं काही अडत नाही. पण घटस्फोटाच्या कागदावर 'दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी-रविवारी मुलगा वडिलांकडे राहील' एवढी एकच ओळ असेल, तर असा एक महिना दोन घरांत जुंपायला पुरतो.

आई जळगावात, वडील धुळ्यात. मुलगा तिसरीत, आईकडे. आईनं धरलं की ८ ला दुसरा रविवार, म्हणजे ७-८ ची खेप. ७ तारखेला मामा भाच्याला घेऊन वाटेतल्या पारोळ्याच्या स्टँडवर जाऊन बसला, पण धुळ्याहून कुणीच आलं नाही. वडिलांनी दुसरा शनिवार धरला होता. ते १४ ला आले, तर आईनं मुलाला पाठवलं नाही. तिच्या हिशेबी जूनची पहिली खेप होऊन गेली होती, शिवाय सोमवारी १६ ला शाळा उघडत होती. दोघांकडे व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट होते. दोघांनी ते मला वेगवेगळ्या दिवशी दाखवले आणि दोघंही म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" चूक वकिलाच्या टायपिस्टची, असं माझ्या जिभेवर आलं होतं.

मी अ‍ॅपचे स्क्रीन आखते. घर जळगावात, काम बहुतेक पुण्या-मुंबईचं. पुण्यातल्या एका कंपनीला वेगळ्या झालेल्या आईबापांसाठी मराठी अ‍ॅप काढायचं होतं. मूल कधी कुणाकडे, फी कोणी भरली, डॉक्टरांनी काय सांगितलं, हे सगळं एका ठिकाणी राहावं, असा बेत. मुलाखतींसाठी जी घरं मिळाली त्यांतलं हे एक. नावं लिहीत नाही. दोघांना विचारून लिहितेय.

कंपनीपुढे नमुना अमेरिकेचा होता. तिकडे 'आवर फॅमिली विझार्ड' नावाचं अ‍ॅप २००१ पासून चालू आहे आणि कितीतरी कोर्टं ते वापरायचा आदेशच देतात. त्यात पाठवलेला निरोप पुसता येत नाही, समोरच्यानं तो पहिल्यांदा कधी वाचला याची वेळ नोंदली जाते आणि शब्द कडक झाला की पाठवण्याआधी टोकलं जातं. अशा अ‍ॅपांच्या कॅलेंडरात तयार साचे असतात. दोन दिवस आईकडे, दोन बाबांकडे, मग तीन आईकडे, पुढच्या आठवड्यात उलट. दोन्ही घरं एकाच गावात आणि शाळा मधोमध असेल तर हे छान चालतं. आपल्याकडे विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली खरी, पण हातात पडणारा कागद अजून बहुतेक वेळा तोच असतो. मूल एकाकडे, दुसऱ्याला महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या. संमतीच्या घटस्फोटात तर अटी आधीच्या कुठल्या तरी फाइलवरून उतरवलेल्या असतात आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. सही करताना कोण कॅलेंडर घेऊन बसतं?

म्हणून मी कंपनीला म्हटलं, मुलगा एका हातातून दुसऱ्या हातात जातो ती जागा बघितल्याशिवाय मी पुढचा स्क्रीन काढणार नाही.

२६ जुलै, चौथा शनिवार. यावर कुणाचंच दुमत नव्हतं, कारण चौथा रविवार २७ ला होता. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, आणि पारोळ्याच्या स्टँडवर चिखल, दमट उकाडा, केळीवाल्या बायका. अ‍ॅपचा कच्चा नमुना आम्ही आई आणि वडील दोघांच्या फोनवर टाकून दिला होता. स्टँडवर पोचल्यावर एक मोठं बटण दाबायचं, 'मी आले' किंवा 'मी आलो'. पुण्यात त्या बटणाच्या रंगावर एक अख्खी मीटिंग झाली होती.

दहा वाजून गेले तरी बटण कोणी दाबलं नाही, कारण आई आली नव्हती आणि वडीलही आले नव्हते. जळगावच्या गाडीतून मुलाला घेऊन मामा उतरला. धुळ्याहून धोतर-टोपीतले आजोबा आधीच येऊन बाकावर बसले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मामा जाऊन त्यांच्या पाया पडला. बहिणीचा संसार मोडून दोन वर्षं झाली, तरी "आप्पा, तब्येत कशी आहे?" असंच विचारलं. मुलाच्या वडिलांचा विषय निघाला की मात्र तो 'पोराचे पप्पा' म्हणायचा. पूर्वी दाजी म्हणत असणार.

मी मामाला विचारलं, ताई का नाही आल्या? तो म्हणाला, "ते दोघं समोरासमोर आले की पोरगं मुकं होतं. म्हणून मी आणि आप्पा." हे आईनंही सांगितलं नव्हतं, वडिलांनीही नाही. आम्ही त्यांना फक्त त्यांच्याबद्दलच विचारलं होतं ना.

मग मामानं दप्तर उघडलं आणि आप्पांना एकेक वस्तू दाखवायला लागला. कपड्यांचे दोन जोड, सर्दीचं औषध, गृहपाठाचं पुस्तक. शेवटी एक शंभर पानी वही काढली, मागच्या पानावरून उघडली आणि आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी चष्मा लावून वाचली. मी मागितल्यावर माझ्याकडेही दिली.

वहीत दोन अक्षरं होती. एक निळ्या पेनातलं गोल, दुसरं तिरपं, घाईचं. वर नाव नाही, खाली सही नाही, 'प्रिय' नाही की 'कृपया' नाही. नुसती तारीख आणि मजकूर.

'रात्री ताप. १००. औषध ९ वाजता दिलं.'

'सकाळी ताप नाही.'

'दूध देऊ नका, खोकला वाढतो.'

'मागितलं म्हणून अर्धा कप दिलं.'

'दप्तराची चेन तुटली.'

'बसवली. ४० रुपये.'

'सहलीची फी ३५०, मंगळवारपर्यंत.'

'भरली.'

दीड वर्षांची वही होती. कुठेही भांडण नाही. कोर्टात एकमेकांवर काय काय लिहून दिलं होतं ते मी वाचलं होतं. दोघांच्या तोंडूनही ऐकलं होतं, आणि ते ऐकून मला वाटलं होतं की यांच्यात आता शब्दसुद्धा उरला नसेल. 'बसवली. ४० रुपये.' या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. शेजारी मुलगा आप्पांच्या पिशवीत खाऊ शोधत होता.

आमच्या नमुन्यात पहिल्याच स्क्रीनवर चॅट होतं. समोरचा टाइप करतोय हे दाखवणारे तीन ठिपके, निळ्या खुणा, सगळं. हेच ठिपके बघत बसून या दोघांनी लग्नाची शेवटची दोन वर्षं काढली होती, आणि आम्ही तेच परत त्यांच्या हातात देत होतो. वहीत उत्तर द्यायची सक्ती नव्हती आणि उत्तराची वाटही बघावी लागत नव्हती. लिहायचं, दप्तरात टाकायचं, शनिवारी वाचायचं.

वही आप्पांकडे परत दिली तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मोबाईलवाली बाई म्हणजे मीच, हे मामानं सांगितलंच होतं.

"ताई, तुमना मोबाईलमा कानबाई शे का?"

नव्हती. सणांची यादी कंपनीनं कुठल्या तरी तयार कॅलेंडरातून उचललेली. त्यात ख्रिसमस होता, ईस्टर होता, दिवाळी होती. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही देवी बसते, मुंबई-सुरतला गेलेली भावकी त्यासाठी गावी येते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं, हे त्या यादीला माहीत असायचं कारण नव्हतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तीही नव्हती. ज्या भागात लेकी आखाजीला माहेरी येतात, तिथे मूल कुणाकडे राहील यावरून वाद व्हायचा तर याच दोन सणांना होणार.

नागपंचमी २९ जुलैला, म्हणजे कानबाई ३ ऑगस्टला. पहिला रविवार, कागदाप्रमाणे आईचा.

मामा म्हणाला, "आप्पा, रोट डब्यात देता का पाठवून?"

आप्पा एकदम ताठ बसले. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, आणि त्यांच्यात तो घराबाहेर नेत नाहीत. आणि रोटाचं धान्य काढतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, त्यात नातवाचीही आली. "तो उना नही, ते त्यानी मूठ कोन खाई?" तो आला नाही, तर त्याची मूठ कोण खाणार?

यावर मामाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आमच्या अ‍ॅपमध्ये 'अदलाबदल मागा' असं बटण होतं, पण ते फक्त आई किंवा वडीलच दाबू शकत होते. वडील धुळ्याला कारखान्यात शिफ्टवर होते आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आप्पांकडे बटणांचा साधा फोन.

मामा जरा बाजूला गेला आणि बहिणीला फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो, हो" चाललं होतं. परत येऊन म्हणाला, "ताई म्हणते, ९ तारखेला राखी आहे. दुसरा शनिवार येतो, तुमच्याकडचा. तिला पोराला घेऊन नाशिकला धाकट्याकडे जायचं होतं, पण विचारायचं कोणाला म्हणून गप्प होती."

आप्पांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "मग झालं." मामानं वही मांडीवर घेऊन लिहिलं: '२-३ ऑगस्ट तिकडे. ९-१० इकडे.' खाली त्यानं सही केली आणि पेन आप्पांना दिलं. आप्पांनी संथपणे, रेघ ओढून पूर्ण नाव लिहिलं. एव्हाना धुळ्याची गाडी लागली होती.

अ‍ॅपमध्ये ती अदलाबदल रात्री आली. आईनं मागितली, वडिलांनी शिफ्ट संपल्यावर मान्य केली. आमच्या आकडेवारीत ती 'दोन्ही पालकांतील यशस्वी संवाद' म्हणून जमा झाली. पुण्यात सगळे खूश. संवाद कुठे झाला, कोणामध्ये झाला, हे मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तर एकानं त्याला 'एज केस', म्हणजे क्वचितचा अपवाद, म्हटलं. मी विचारलं, तुझ्या ओळखीत अशी किती घरं आहेत जिथे आजी, मामा, आत्या मध्ये नाहीत? तो गप्प बसला.

नंतर पुष्कळ गोष्टी बदलल्या, काही माझ्या मनासारख्या, काही नाही. चॅट गेलं आणि त्याजागी वहीसारखी नोंद आली: तारीख, मजकूर, हवा तर फोटो. नोंद पुसता येत नाही. कोर्टात लागलीच, तर छापून, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडता येईल अशी सोय ठेवली. वकिलांनी त्यावर फार जोर दिला. मला विचाराल तर तो पर्याय जितका आत दडवता येईल तितका बरा, कारण पुरावा जमतोय असं वाटलं की माणूस 'अर्धा कप दिलं' असं लिहीत नाही. मामा-आजोबांसाठी वेगळं खातं आलं. त्यांना औषध, वेळ आणि जागा दिसते, पैसे आणि कोर्टाचे कागद दिसत नाहीत. साध्या फोनवर चार आकडे एसएमएसनं जातात, मुलाला घेताना तेवढे सांगायचे. कंपनीला मुलाचं लाइव्ह लोकेशन आणि रोजचा 'मूड' टिपणारे चेहरेही हवे होते. मुलांचा माग काढायला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात बंदी लिहिलेली आहे, हे मी पुढे केलं. पण कायदा नसता तरी मी ते आखलं नसतं. पोरगं आठ वर्षांचं आहे, दोन घरांची पाळत कशाला त्याच्यामागे?

दुसऱ्या शनिवारचं कोडं सोडवणं सगळ्यात सोपं गेलं. ओळ घालतानाच अ‍ॅप विचारतं: शनिवारवरून मोजायचं की रविवारवरून? आणि पुढच्या वर्षभराच्या तारखा दोघांसमोर मांडतं. सण तिथीवरून लागतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे नागपंचमी १७ ऑगस्टवर जाते आणि कानबाई २३ ला येते, चौथ्या रविवारी. आप्पांना मी हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे कोनले इचारनं नही." त्या वर्षापुरतं तरी नाही.

पाचव्या शनिवारवर मात्र तोडगा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाच शनिवार होते. कागद पाचव्याबद्दल काहीच बोलत नाही, म्हणजे तो आईचा. २७ ला गणपती बसले आणि वडिलांनी ३०-३१ साठी स्वतःहून पहिली मागणी टाकली. अर्ध्या तासात आईचं उत्तर आलं: 'नाही.' कारण दिलं नव्हतं. वडिलांनी 'ठीक' लिहिलं.

कंपनीतल्या पोरानं मला विचारलं, नकार आला की स्क्रीनवर काय दाखवायचं, रडका चेहरा की 'पुन्हा प्रयत्न करा'? म्हटलं, दोन्ही नको. त्यांनी लिहिलंय ते दिसू दे, आणि त्याच्याखाली लिहायला रिकामी ओळ ठेव.