स्टॅटिक आयपी कशाला पाहिजे, मॅडम?

आधीच सांगते, घरच्या इंटरनेटवर टॉरचा (नाव-गाव लपवून नेट वापरू देणाऱ्या नेटवर्कचा) एक्झिट रिले चालवू नका. टॉर प्रोजेक्टवालेही हेच बजावतात. मी वाचलं होतं, तरीही केलं.

टॉरवरून कुणी एखादी साइट उघडली की त्याची विनंती तीन रिलेंमधून, म्हणजे स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरांमधून, फिरत जाते. शेवटचा तो एक्झिट, आणि साइटला दिसतो तो त्याचाच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. म्हणजे कुठल्यातरी देशातल्या कुणी उपद्व्याप केला, तर पत्ता निघतो माझ्या सांगलीतल्या घराचा. २०१७ मध्ये मॉस्कोत घरून एक्झिट चालवणाऱ्या गणिताच्या एका शिक्षकाला याच भानगडीत अटक झाली होती. आरोप मागे घेतले गेले, पण नंतर.

जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन (फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम), टॉरच्या सेटिंगच्या फाइलीत दहाबारा ओळी. एका संध्याकाळी उरकलं. आणि मग कळलं की बाहेरून माझ्यापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) १०० ने सुरू होत होता. तुमचाही १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. त्यावर रिले चालत नाही. (हे आधी बघा. मी शेवटी बघितलं.)

म्हणून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त माझा आणि न बदलणारा, मागायला आमच्या केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. फायबर त्याचंच आहे. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म दिला. आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, फोटो. कुणाचं तरी नाव-गाव लपावं म्हणून मी माझं सगळं नाव-गाव जोडत होते. शेवटचा रकाना ‘वापराचा उद्देश’. मी लिहिलं, ‘टॉर एक्झिट रिले’.

चार दिवसांनी फॉर्म परत. ‘उद्देश स्पष्ट नाही.’ दुसऱ्यांदा लिहिलं, ‘लोकांची गोपनीयता जपणाऱ्या नेटवर्कसाठी स्वयंसेवी सर्व्हर’. पुन्हा परत, या वेळी शेऱ्याशिवाय. मुलाला माझी दया आली असावी. “मॅडम, सीसीटीव्ही लिहा ना. सगळे तेच लिहितात. संध्याकाळपर्यंत आयपी मिळतो.”

खरंच सोपं होतं. पण मला हट्ट चढला. उद्या पोलीस आले आणि फॉर्मवर सीसीटीव्ही निघाला, तर माझ्या खऱ्या बोलण्यावरही कोण विश्वास ठेवेल? शिवाय ज्या कामासाठी आयपी घेतेय, त्याचं नाव घ्यायची मला चोरी का असावी?

तिसऱ्या खेपेला म्हणाले, पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र द्या. मजकूर त्यांचाच, छापील: ‘सदर आयपीवरून होणाऱ्या सर्व वापरास मी स्वतः जबाबदार राहीन.’ बाकी कुणीही डोळे मिटून सही केली असती. पण एक्झिट म्हणजेच दुसऱ्यांचा वापर माझ्या आयपीवरून होणं! मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘माझ्या स्वतःच्या वापरास’. मुलगा म्हणाला, खाडाखोड चालत नाही. मी म्हटलं, मग मालकांना बोलवा. पाऊण तास बसले. पंखा बंद, समोर रिचार्जची रांग, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी ‘नेट स्लो आहे’ सांगायला येत होतं.

मालक आले, हमीपत्र उभ्यानेच वाचलं. मी रिले काय असतो ते सांगू लागले, त्यांनी हात वर करून थांबवलं.

“म्हणजे दुसऱ्याचं नेट तुमच्यातून जाणार, आणि तुम्ही बघणार नाही.”

“बघू शकतही नाही, बरंचसं.”

“माझ्या वायरीतून आख्खी कॉलनी काय काय बघते, मी कुठं सही देतो? द्या रे यांना आयपी.”

आयटी कायद्याचं कलम ७९ हेच म्हणतं, मधल्या वाहकाला अटींवर संरक्षण. घरी बसलेल्या हौशी बाईला ते कितपत लागू होईल, हे मात्र वकिलाला विचारूनच ठरवा. मी विचारलं नाही.

चालू झाल्यावर पहिले तीन दिवस जवळजवळ काहीच हललं नाही. घाबरू नका, नव्या रिलेवर नेटवर्क भरवसा हळूहळू टाकतं. विसाव्या दिवशी मालकांचाच फोन: “मॅडम, तुमच्या आयपीवरून कुणाच्या तरी सर्व्हरचं लॉगिन फोडायचा प्रयत्न झालाय, वरून मेल आलाय.” एक्झिटमधून कुठल्या पोर्टांवर (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारांवर) जाता येईल, ते एक्झिट पॉलिसी ठरवते. कमी पोर्टांची तयार पॉलिसी लावली होती, पण तिच्यात सर्व्हरच्या लॉगिनचा २२ उघडाच असतो. फक्त वेबसाइटींचे ८० आणि ४४३ ठेवायला हवे होते. त्याच आठवड्यात बाबांच्या बँकेची साइट उघडेना. टॉरच्या रिलेंची यादी जाहीर असते, साइट्स ती वापरून आयपी अडवतात, आणि घरात सगळ्यांचा आयपी तोच. बाबा पासबुक घेऊन बँकेत रांगेत उभे राहिले आणि आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत.

रात्री सेटिंगच्या फाइलीत ‘एक्झिट रिले’पुढचा १ काढून ० केला. आता तो मधला रिले आहे. तक्रार एकही नाही, कारण त्याचा आयपी शेवटच्या साइटला दिसतच नाही. यादीत मात्र तोही असतो, म्हणून बँकेपुरते बाबा मोबाइल डेटा वापरतात. एक्झिटच चालवायचा असेल तर तो चालवू देणारी होस्टिंग कंपनी (सर्व्हर भाड्याने देणारी) शोधा, आयपी वेगळा घ्या, आणि त्या आयपीवर ‘हा टॉर एक्झिट आहे’ असं सांगणारं पान ठेवा. ते पान टॉरसोबत तयारच मिळतं.

गेल्या महिन्यात आयपीचं वर्ष संपलं, पैसे भरले. पावती बघितली. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उद्देशाचे तीनच पर्याय आहेत म्हणे. माझ्या नावापुढे छापलंय: सीसीटीव्ही.