तुम्ही विचारलंत म्हणून: फादरला सगळं सांगतेस?

"एवढी शिकलेली, मिहानमध्ये नोकरी करणारी, आणि गुडघे टेकून फादरला पापं सांगतेस? खरंच?" गेली चार वर्षं मला हे कोणी ना कोणी विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, आणि मनापासून विचारलंत, म्हणून नीट सांगते.

मी कॅथलिक आहे याचं नागपुरात कोणाला काही वाटत नाही. सदरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल सगळ्यांना माहीत असतं, नाताळात केकसाठी अख्खं ऑफिस माझ्या टेबलाशी येतं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, शुक्रवारी सगळे सावजीकडे निघाले की मी मटण खात नाही. "म्हणजे तुमचा श्रावण उन्हाळ्याच्या तोंडावर येतो," असं एक जण म्हणाला होता. ती समजूत मला फार आवडली. सण चालतो, उपासही चालतो. अडतं ते मी हे खरं मानते तिथे. माझ्या वयाच्या बहुतेकांसाठी देव हे आईचं खातं आहे. म्हणून ते विचारतात, "घरचे पाठवतात का?" नाही. आईबाबा रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जातात, तेव्हा मीही असते. पण कन्फेशनला, म्हणजे फादरला पापं सांगायला, मी शनिवारी एकटी जाते.

मागच्या वर्षी एका सहकारी मुलीने रात्रभर बसून केलेला रिपोर्ट मी मीटिंगमध्ये मांडला. साहेबांनी कौतुक केलं ते माझं. मी गप्प राहिले. ती काही बोलली नाही, फक्त त्या दिवशी डबा घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसली. तिचं ते स्टीलचं झाकण तीन आठवडे माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे ना, सगळेच करतात."

देवालाच थेट सांग ना, असं तुम्ही म्हणाल. रोज सांगतच होते. पण मनातल्या मनात सांगताना मी शब्द मऊ करत होते: घाईत राहून गेलं, गैरसमज झाला. कन्फेशनच्या वेळी फादर आणि माझ्यामध्ये असते त्या जाळीपुढे गुडघे टेकले आणि तोंडातून सरळ निघालं, "मी तिचं काम माझं म्हणून दाखवलं." माझाच आवाज मला ऐकू आला.

फादर सगळेच करतात म्हणाले नाहीत. म्हणाले, "घेतलंस ते परत द्यावं लागेल. कसं देशील?" आमच्याकडे चोरलेलं परत करायची तयारी नसेल तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही. मग त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले, आणि मी खूप रडले. जाळीपलीकडे ऐकलेलं फादरला कोर्टातही सांगता येत नाही. त्याने ते फोडलं तर तोच चर्चबाहेर होतो. वर्षातून एकदा तरी कन्फेशन करावं हा नियम 1215 च्या चर्चच्या लॅटरन परिषदेपासूनचा. मी महिन्यातून एकदा जाते, कारण वर्षभर ते झाकण डोळ्यांपुढे घेऊन मला जगता येत नाही.

सोमवारी मी साहेबांना तिच्यासमोर सांगितलं. पाय लटपटत होते. ती एवढंच म्हणाली, "आता काऊन सांगतेस?"

तिने अजून माझ्यासोबत डबा खाल्लेला नाही. माझ्या शेजारची खुर्ची मी जेवताना मोकळी ठेवते.