कराड ते सांगली: दोन ट्रॉल्या, सात पिनांचे सॉकेट आणि आष्ट्याला सापडलेला दोष

गाळप हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरमागे दोन रिकाम्या ट्रॉल्या जोडून कराडहून सांगलीला नेल्या. पेठ नाका, ईश्वरपूर (सगळ्यांच्या तोंडी अजून इस्लामपूरच) आणि आष्टा असा साधारण 70 किलोमीटरचा रस्ता. दुपारी दोनला निघालेली जोडी रात्री साडेआठला सांगलीत पोचली. मधला सव्वा तास आष्ट्याला लाईटच्या कामात गेला. याच रस्त्याने ट्रॉल्या नेणाऱ्यांना ते काम घरीच उरकता यावे, म्हणून हा वृत्तांत.

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून पूजा होते. ट्रॉलीच्या दिव्यांना ट्रॅक्टरवरून वीज देणाऱ्या सॉकेटचे झाकण मात्र क्वचितच कोणी उघडते. पावसाळाभर ट्रॉली गोठ्यामागे उभी असते आणि तिचा प्लग चिखलात नाहीतर गवतात पडलेला असतो. उंदीर केबल कुरतडतात, पितळी पिनांवर हिरवा गंज चढतो. निघण्याच्या दिवशी दिवा लागला नाही की नवे सॉकेट आणून बसवले जाते. जुने सॉकेट बहुतेक वेळा चांगले असते आणि दोष असतो अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, वायरीत. या फेरीतही तेच निघाले.

आधी जोडणी. 12 व्होल्टच्या सात पिनी सॉकेटात 1 नंबरला डावा इंडिकेटर, वायर पिवळी. 2 नंबर निळा, मूळचा मागच्या फॉग दिव्यासाठी. आपल्याकडे तो रिकामा असतो किंवा ट्रॉलीतल्या कामाच्या दिव्याला दिलेला असतो. 3 नंबर पांढरा, म्हणजे अर्थ. 4 हिरवा, उजवा इंडिकेटर. 5 तपकिरी, उजवा टेल लाईट. 6 लाल, ब्रेक लाईट. 7 काळा, डावा टेल लाईट. बाजारातल्या तयार केबलचे रंग असेच असतील याचा भरवसा धरू नका. पिनेजवळ कोरलेला अंक बघून जोडा, जागा बघून नाही. सॉकेट आणि प्लग समोरासमोर धरले की एकमेकांचे आरशातले रूप दिसतात. जागा बघून जोडणाऱ्याचा डावा इंडिकेटर उजवीकडे जातो तो त्यामुळेच. ट्रकच्या 24 व्होल्टच्या सॉकेटालाही सातच पिना असतात, पण त्यात अर्थ 1 नंबरला असतो. भंगारातून आणलेला प्लग लावताना हे आठवणीत ठेवा.

कराडला निघताना इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून मोजले. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर 13.8 व्होल्ट, शेवटच्या ट्रॉलीच्या ब्रेक दिव्याच्या होल्डरवर 12.3. एवढा फरक चालतो. सगळे दिवे लागले, इंडिकेटर ठीक पडत होते.

महामार्गावर सहापदरीकरणाचे वळसे आहेत. ट्रॅक्टरने सेवा रस्ताच धरावा. मालखेड, कासेगाव, नेर्ले या टप्प्यात सेवा रस्ता जागोजागी उखडलेला आहे, आणि रिकामी ट्रॉली भरलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त उडते. केबलची खरी परीक्षा इथेच होते. हूक आणि पिनेत मोकळीक असते, प्रत्येक खड्ड्याला ट्रॉली मागेपुढे हिसके देते. केबल ताठ असेल तर तो हिसका थेट प्लगातल्या स्क्रूवर येतो. ट्रॅक्टर पूर्ण वळवून बघायचे आणि त्या स्थितीत केबल जिथवर पोचते त्याहून वीतभर जास्त ढील ठेवायची. ती ढील जमिनीकडे लोंबू नये म्हणून ड्रॉबारच्या (ट्रॉली ओढायच्या दांडीच्या) वर एका स्प्रिंगला अडकवायची. हूकाच्या पिनेला केबल गुंडाळायची सवय सोडा. पेठ नाक्याला सांगलीकडे डावीकडे वळताना अशीच गुंडाळलेली केबल चिमटते आणि आतली एखादी वायर तुटते. बाहेरचे आवरण शाबूत राहते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

पेठेपासून सांगलीपर्यंत वाहतूक दाट असते. ईश्वरपूरला थांबून फक्त झाकणे आणि प्लग दाबून पाहिले. प्लग कोमट लागला तर तिथेच उघडावा. आम्ही तो ऊब बघायला चाचपला नाही. चाचपला असता तर पुढचे काम उजेडात झाले असते.

आष्ट्याला अंधार पडता पडता लक्षण दिसले. डावा इंडिकेटर दिला की मागच्या ट्रॉलीचे दोन्ही टेल लाईट त्याच तालावर मंद व्हायचे आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर जवळपास विझायचा. एक दिवा दुसऱ्याच्या तालावर नाचू लागला की अर्थ गेला असे समजा. परतीची वाट बंद झालेला करंट दुसऱ्या बल्बांच्या तारेतून वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

खात्री दोन मिनिटांत होते. एक जाड वायर घ्या, तिचे एक टोक ट्रॅक्टरच्या चासीच्या घासलेल्या लोखंडाला आणि दुसरे मागच्या ट्रॉलीच्या चासीला धरा. दिवे लख्ख झाले तर दोष अर्थचाच. हूकातून लोखंडाला लोखंड लागलेले असते, मग अर्थ मिळतोच, असे बरेच जण सांगतात. हूकाच्या पिनेला ग्रीस असते, गंज असतो, ती हलत असते. त्या अर्थवर उभ्या ट्रॉलीचे दिवे लागतात आणि चालत्या ट्रॉलीचे लुकलुकतात.

मग मीटरने दोषाची जागा शोधली. मीटरची काळी दांडी बॅटरीच्या निगेटिव्हला पक्की लावली, ब्रेक दाबून धरायला एक जण बसवला आणि लाल दांडी अर्थच्या वाटेने मागे मागे नेली. पहिल्या ट्रॉलीच्या चासीवर 0.3 व्होल्ट, तिच्या मागच्या सॉकेटच्या 3 नंबर पिनेवर 0.4, आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या प्लगातून निघालेल्या पांढऱ्या वायरीवर 2.8. म्हणजे दोष त्या प्लगातच होता. मागच्या दिव्याच्या होल्डरवर त्या वेळी जेमतेम 9.8 व्होल्ट मिळत होते. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. इथे तर कराडच्या मानाने व्होल्टेज वीस टक्के पडले होते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली थांबलेली कळलीच नसती.

प्लग उघडला. 3 नंबर पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडून थोडे ओघळले होते. स्क्रू तांब्यावर कमी आणि वायरीच्या आवरणावर जास्त बसला होता. तांब्याच्या चारपाच तारा तेवढ्या दाबात होत्या, त्याही काळ्या. कराडला एवढी पकड पुरली. खड्ड्यांनी स्क्रू सैल झाला, स्पर्श कमी होऊन पीन तापली, आणि तापलेली पीन आणखी सैल झाली.

सगळ्यांत आधी 3 नंबरच का जळतो, तर बाकीच्या प्रत्येक पिनेचा करंट तिच्यातूनच परत येतो. दोन ट्रॉल्यांना 21 वॅटचे चार ब्रेक बल्ब असले तर ते 7 अँपिअर घेतात. त्यात एका बाजूच्या दोन इंडिकेटरांचे साडेतीन आणि 5 वॅटच्या चार टेल लाईटचे पावणेदोन मिळवा. म्हणजे ट्रॅक्टरच्या सॉकेटवर अर्थला 12 अँपिअर, आणि दुसऱ्या कुठल्याही पिनेला 7 पेक्षा जास्त नाही. तरीही बहुतेक ठिकाणी अर्थची वायर बाकीच्यांइतकीच बारीक असते.

वायरीची जाडी हा दोन ट्रॉल्यांचा कळीचा मुद्दा आहे. ट्रॅक्टरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत सुमारे 14 मीटर होतात. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर फक्त मागच्या ट्रॉलीच्या ब्रेक दिव्यांसाठी त्या एका वायरीत 1.8 व्होल्ट पडतात. दीड चौरस मिलिमीटरला तीच घट 0.6 वर येते. सहा वायरी दीडच्या आणि अर्थ अडीचचा, याहून कमी घेऊ नका. एलईडी दिवे लावले तर करंट खूप कमी होतो, पण बल्बसाठी बनवलेला जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) मग भराभर वाजतो किंवा नीट चालत नाही. त्याबरोबर एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवावा लागतो.

प्लग बदलायचा तर बॅटरीचे निगेटिव्ह काढून ठेवा. केबलचे तोंड पाच सेंटिमीटर मागे, लखलखीत तांबे लागेपर्यंत कापा. काळे पडलेले तांबे घासून वापरू नका. आधी रबरी बूट आणि मागची टोपी केबलवर ओवून घ्या. हे हमखास विसरते आणि सगळे काम पुन्हा सोडवावे लागते. प्रत्येक वायर पिनेच्या भोकाच्या खोलीएवढीच सोला, तारा पिळा, त्यावर दाबायचा लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) बसवा आणि मग स्क्रू आवळा. डाग देऊन त्यावर स्क्रू आवळू नये. शिसे-कथिल दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड ढिला होतो. आवळून झाल्यावर एकेक वायर ओढून बघा. शेवटी केबलची पकडपट्टी बाहेरच्या आवरणावर यायला हवी. आतल्या रंगीत वायरींवर ती आली तर ओढ पुन्हा स्क्रूवरच जाते.

सॉकेट चांगले असेल तर ठेवा. 400 नंबरच्या पॉलिश पेपरची गुंडाळी करून पिना घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पिनांना मध्ये चीर असेल आणि ती मिटली असेल तर पातळ पात्याने किंचित उघडा. प्लग हाताला घट्ट लागेल इतकीच, जास्त उघडली तर पितळ तुटते. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. सॉकेट फुटले असेल, झाकणाची स्प्रिंग गेली असेल किंवा पीन आतच फिरत असेल तरच नवे घ्या. ते तीन बोल्टांवर बसते. मागे रबरी गॅस्केट हवेच, बिजागरी वर आणि वायरीचे तोंड खाली हवे. अर्थची वायर सॉकेटच्या बोल्टला न देता चासीला वेगळ्या बोल्टवर, रंग खरवडून द्या आणि वरून पुन्हा रंग मारा.

आष्ट्याला नवा प्लग बसवला आणि मागच्या ट्रॉलीची अर्थची वायर पुढून मागेपर्यंत अडीचची ओढली. केबिनमध्ये एक प्लग, सात लग, दोन मीटर अडीचची वायर, टेस्ट लॅम्प आणि चार बल्ब कायम असू द्या. अंधारात वायर मिळवायला फिरावे लागले, त्यातच अर्धा तास गेला.

तुंग आणि कसबे डिग्रज ओलांडताना नदीकाठची ओल जाणवते. थंडीत पहाटे इथे धुके धरते, म्हणून मागच्या फळक्यावरची लाल परावर्तक पट्टी चिखल पुसून ठेवा. सांगलीत पोचल्यावर शेवटच्या होल्डरवर 12.4 व्होल्ट मिळाले आणि प्लग हाताला गार होता. ट्रॉली सोडताना प्लग केबलला धरून ओढू नका, अंगाला धरून काढा. ट्रॉलीच्या दांडीवर एक रिकामे सॉकेट ठोकून ठेवा आणि सुटलेला प्लग त्यात खोचा. पाचटाचा भुगा आणि उसाचा रस प्लगात-सॉकेटात गेला तर दुसऱ्या खेपेलाच मुंग्या लागतात आणि झाकण चिकटते. ट्रॉली पाण्याच्या जोरात धुतली असेल तर त्या दिवशी सॉकेट उघडे ठेवून वाळू द्या आणि मगच जोडा.