आकाशकंदिलांची राखाडी गॅलरी: लाल रंग अखेर सापडला

दिवाळीत काढलेल्या आकाशकंदिलांच्या फोटोंवर काम सुरू आहे. गॅलरी राखाडी दिसावी, माउस नेला की त्या कंदिलाचा रंग यावा, आणि मूळ फाइलला हात न लावता सगळं सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) व्हावं, असा बेत आहे.

त्यासाठी चित्र पूर्ण राखाडी करणारं ‘फिल्टर: ग्रेस्केल(१)’ लावलं. पिवळे, हिरवे कंदील झकास आले, लाल मात्र रात्रीच्या आभाळात बुडाले. ग्रेस्केल तिन्ही रंगांची सरळ सरासरी काढत नाही. डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो, म्हणून लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ अशी वजनं ठरलेली आहेत. परिणामी ० (काळा) ते २५५ (सर्वात उजळ) या मापावर २५५ चा भडक लाल ५४ वर येतो, तेवढाच हिरवा १८२ वर राहतो आणि निळा थेट १८ वर.

उजळपणा १.४ पट करणारं ब्राइटनेस(१.४) ग्रेस्केलच्या आधी लिहिलं तर भडक लाल तसूभरही हलत नाही, कारण तो आधीच २५५ वर असतो आणि त्यापुढे वाढ कापली जाते. नंतर लिहिलं की ५४ चे ७६ होतात. क्रमाला एवढं महत्त्व आहे! पण त्यात पिवळे कंदील पांढरेफटक पडतात.

खरा उपाय एसव्हीजीच्या (वेबवरच्या रेखाचित्रांचा फॉरमॅट) फीकलरमॅट्रिक्स या रंग बदलणाऱ्या फिल्टरमध्ये मिळाला, तो सीएसएसमधून फोटोला लावता येतो. तिथे वजनं आपली आपण ठरवता येतात. मी लाल ०.५, हिरवा ०.४, निळा ०.१ ठेवली, बेरीज १, म्हणजे पांढरा पांढराच राहतो. भडक लाल आता १२८ वर येतो आणि कागदाच्या घड्यासुद्धा दिसतात. कृष्णधवल फिल्मवर लाल काच लावून फोटो काढणारे हेच करत आले आहेत. एक गोष्ट न विसरता लिहा: कलर-इंटरपोलेशन-फिल्टर्स एसआरजीबी, म्हणजे गणित पडद्यावरच्या नेहमीच्या रंग-आकड्यांवरच होतं. नाहीतर ते लिनिअर आरजीबीत, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात होतं आणि १२८ च्या जागी १८८ येतो.

रंग परत आणण्याचा नियम ‘हॉवर: हॉवर’ या मीडिया क्वेरीत (माउस वर नेता येतो अशाच उपकरणांवर नियम लावणारी अट) ठेवला आहे, कारण फोनवर टॅप केल्यावर हॉवर चिकटून राहतो. कीबोर्डवाल्यांसाठी फोकसलाही (कीबोर्डने फोटोवर आल्यावर) तोच नियम दिला.

निळे कंदील अजून दबलेले आहेत. निळ्याचं वजन वाढवलं की आभाळातला रवाही (फोटोतले बारीक ठिपके) वर येतो, त्यामुळे त्या फोटोंसाठी वेगळं मॅट्रिक्स करतोय. कुणी निळ्यासाठी वजनं जमवली असतील तर आकडे जरूर कळवा.